हेलसिंकी ते व्हिएन्ना, ओल टाळून

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून 'टुक' असा आवाज आला आणि मी हातातला चहा तसाच ठेवून धावले.

घर इतकं शांत होतं की तेवढासा आवाजही दारावर थाप पडल्यासारखा वाटला. कोपऱ्यात आमची घूस जागी झाली होती. घूस म्हणजे केर काढणारं गोल यंत्र. हे नाव जाईनं ठेवलं, कारण ते सोफ्याखाली शिरतं आणि काहीतरी कुरतडत बसल्यासारखा आवाज करतं. रोज सकाळी ते 'टुक' म्हणतं आणि कामाला लागतं. आज ते बंद ठेवायचं मी विसरले होते. मी त्याच्यापुढे पाय आडवा घातला. ते माझ्या अंगठ्याला लागलं, मागे सरलं, पुन्हा येऊन लागलं. शेवटी मी ते उचलून उताणं ठेवलं. चाकं थोडा वेळ हवेत फिरली आणि मग थांबली.

जाई वाटेत होती. हेलसिंकीहून निघालेलं तिचं विमान अजून समुद्रावरच असेल. वाटेतल्या माणसामागे केर काढायचा नाही.

ही रीत माझी नाही, कैवल्यच्या घरची. माणूस घराबाहेर पडल्या पडल्या मागे झाडू फिरवू नये, एवढं आमच्या नाशिकलाही होतं. पण आम्ही फार तर चहा होईपर्यंत थांबायचो. मिरजेला त्याच्या घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत झाडूला हात लावत नसत. लग्नानंतर मी पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा वाटेत गाडी बिघडली आणि पोचायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. सासूबाईंचा फोन आला. "पोचलीस ना गं? मग झाडून घेते बाई, मुंग्या झाल्यात घरभर." मी हसून लोळायची बाकी राहिले होते. कैवल्य हसला नव्हता. आकाशातली वाफ मोजणारा हा माणूस, मी कुठे निघाले की घरात चुरा तुडवत फिरायचा. मी त्याला चिडवायचे. तो म्हणायचा, "मोजता येतं ते मी मोजतो. इथे नुसतं थांबायचं असतं."

वेगळे झालो तेव्हा आम्ही भांडी, पुस्तकं, पांघरुणं वाटून घेतली. ही रीत वाटायची राहिली. ती दोघांकडेही अख्खीच्या अख्खी आली: जाई वाटेत असली की दोन्ही घरांत केर थांबायचा.

वेगळं होण्यात सांगण्यासारखी गोष्ट काही नाही. कुणी कुणाला फसवलं नाही. हेलसिंकीच्या लांबलचक हिवाळ्यांत आमचं बोलणं कमी होत गेलं. मला व्हिएन्नात बालवाडीत कायमची नोकरी मिळाली, तेव्हा तो 'जाऊ नकोस' म्हणाला नाही आणि मी 'चल' म्हटलं नाही. जाई तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती.

तिच्यापुरता कायदा सोपा होता. आईबाप दोन देशांत राहण्याचं प्रमाण इतकं वाढलं होतं की न्यायालयांनी अंतर मोजायची पद्धतच बदलली होती. नकाशावरचे किलोमीटर बाजूला ठेवायचे. मुलाला विमानात जितका वेळ बसावं लागतं, तितकं अंतर. वर्षाच्या सरासरीनं उड्डाण तीन तासांच्या आत असेल तर मुलाला दोन घरं. पंधरवडा आईकडे, पंधरवडा बाबाकडे, आणि दोन्हीकडच्या शाळा एकाच आठवड्यात एकच धडा शिकवणार. तीन तासांच्या वर गेलं की बारा वर्षांखालच्या मुलाला एकच घर. दुसरीकडे जायचं ते सुट्टीत, पाहुण्यासारखं. मुलांच्या झोपेचा, कानांचा, अभ्यासाचा खूप वर्षं विचार करून डॉक्टरांनी ती मर्यादा घातली होती. त्यात कुणाची रदबदली चालू नये म्हणून दर वसंतात एक आकडा जाहीर व्हायचा आणि त्यावर घरं ठरायची.

हेलसिंकीहून व्हिएन्ना सरळ रेषेत साडेचौदाशे किलोमीटरच्या आत. मुंबईहून दिल्लीला जावं आणि तिथून आणखी थोडं पुढे. विमानाला अडीच तास लागायचे. आम्ही निर्धास्त होतो. जाईचं माप वेगळं होतं: "एक सिनेमा आणि एक डुलकी." मुलांना सांभाळून नेणारी विमान कंपनीची सोबतीण तिचा हात धरून तिला इकडून तिकडे पोचवायची. कपडे, चपला, दात घासायचा ब्रश, सगळं दोन्ही घरांत. फक्त एक कापडी ससा तिच्याबरोबर ये-जा करायचा. तो उतरला की मी कैवल्यला दोन शब्द पाठवायचे, "पोचली जाई." त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, "झाडतो आता."

तीन वर्षं हे असं सुरळीत चाललं.

कैवल्य ज्या कामात बुडालेला असायचा ते त्यानं मला फार पूर्वी, लग्न नवं असताना, दही लावता लावता समजावलं होतं. विमानाच्या मागे पांढरी रेघ उमटते, ती काही धूर नसते. बर्फाचे बारीक कण असतात ते. हवा कोरडी असली की रेघ लगेच विरून जाते. पण आकाशात काही थर असे असतात की जिथे वाफ खच्चून भरलेली असते, थंडीही कडक असते, आणि तरी बर्फ झालेला नसतो. "हे बघ," तो पातेल्याकडे बोट दाखवून म्हणाला होता, "दूध कोमट आहे, झाकण घातलंय, सगळं तयार आहे. फक्त विरजण नाही. विमानाचा धूर म्हणजे विरजण." अशा थरातून विमान गेलं की ती रेघ विरत नाही, पसरते. तासन्‌तास पसरत राहते आणि तिचा पातळ, गावंच्या गावं झाकणारा ढग होतो. जमिनीची उष्णता रात्री वर निघून जायला हवी, ती हा ढग गोधडीसारखी आत कोंडून धरतो. गंमत म्हणजे बहुतेक विमानं अशी गोधडी विणतच नाहीत. थोडी विणतात, पण पृथ्वीला तापवण्यात त्या थोड्यांचा वाटा फार मोठा.

मग त्या थरांतून जाऊ नये, इतकं सोपं. पण ते दिसत कुठे होते? ओली हवा आणि कोरडी हवा डोळ्यांना सारखीच निळी. उपग्रहांनाही त्या उंचीवरची ओल नेमकी मोजता यायची नाही. कैवल्यनं आणि त्याच्या सोबत्यांनी विमानाच्या नाकात बसेल असं एक यंत्र केलं. ते पुढच्या हवेत प्रकाशाची तिरीप सोडतं, परत आलेल्या प्रकाशातून वाफ किती ते ओळखतं आणि आपल्याला कळलेलं मागून येणाऱ्या सगळ्या विमानांना सांगतं. हजारो विमानं एकमेकांना सांगू लागली तेव्हा आकाशातल्या ओलीचा पहिला नकाशा तयार झाला.

तो नकाशा सगळ्यांनी पुन्हा पुन्हा तपासला. थर वाटले होते त्याहून कितीतरी जास्त निघाले. सगळ्यांत दाट पट्टा बाल्टिक समुद्रापासून पोलंडपर्यंत, म्हणजे नेमका जाईच्या रस्त्यावर. ते टाळायचे तर विमानानं खाली उतरायचं, जिथे हवा दाट असते आणि वेग मंदावतो. नाहीतर वळसा घालायचा. इंधन थोडं जास्त जळतं, पण गोधडीच्या मानानं ते नुकसान काहीच नाही. वेळ मात्र वाढतो.

गेल्या हिवाळ्यात कैवल्य जाईला सोडायला स्वतः आला. एरवी सोबतीण आणायची. त्याला बघूनच मला कळलं की काहीतरी सांगायचं आहे. दुपार होती. जाई न्हाणीघरात पाण्याशी खेळत होती, आणि ती आल्यावर पहिल्या दिवशी लागतंच म्हणून मी थालीपीठं लावत होते. तो स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"एक आकडा आहे," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. थरात किती ओल असली की विमानानं तो टाळायचा, ती मर्यादा ठरवायची होती. माणसं तिघं होती, पण शेवटचा शब्द त्याचा होता. मोजमाप सांगत होतं तशी मर्यादा कडक ठेवली, तर हेलसिंकी-व्हिएन्ना उड्डाण तीन तासांच्या वर जात होतं. जरा सैल ठेवली, तर आत राहत होतं.

मी तव्यावरचं थालीपीठ उलटलं. "मग सैल ठेव."

"नाही ठेवता येत."

"येतं. आत्ताच म्हणालास."

"येतं," तो म्हणाला. "पण मग त्या थरांतून एकटं जाईचं विमान जाणार नाही. सगळ्यांचीच जातील. रोज."

"कुणाला कळणार आहे, कैवल्य?"

"कुणालाच नाही. म्हणून तर आलो."

मला तेव्हा त्याचा राग आला. म्हटलं, तुझ्या मिरजेच्या घरात पोचल्याचा फोन येईस्तोवर केराला हात लावत नाहीत, आणि तू पोरीच्या येण्याची वाटच झाडून टाकायला निघालायस. शब्द तोंडातून गेल्यावर वाटलं, हे बोलायला नको होतं. त्यानं ते ऐकून घेतलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "एकच घर ठेवायची वेळ आली तर ती तुझ्याकडे राहणार, हे आपलं आधीच ठरलंय. तुझं काही जात नाही. तू का भांडतेस?"

हे खरं होतं. मला माझी मुलगी सगळीच्या सगळी मिळणार होती. मी का भांडत होते?

"ती तुझ्याकडून आली की दोन दिवस तुझ्यासारखी जेवते," मी म्हणाले. "आधी वाटीभर ताक पिते, मग भाताला हात लावते. मला ते बघायला आवडतं."

तो काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात जाई निथळत्या केसांनी धावत आली आणि तिनं ओल्या अंगानंच त्याच्या पाठीवर उडी मारली. शर्ट भिजला. तो तसाच तिला पाठीवर घेऊन घरभर फिरला, घूस आडवी आली तर तिला दचकल्यासारखं केलं, जाई खिदळली, आणि थालीपीठ तव्यावर करपलं. करपलेलं त्यानंच खाल्लं.

वसंतात आकडा जाहीर झाला. तीन तास आणि वर अकरा मिनिटं.

लोक विचारतात, मग तू का नाही गेलीस तिकडे, किंवा तो का नाही आला इकडे. विचारणं सोपं आहे. त्याचं यंत्र उत्तरेच्या थंडीतच तपासावं लागतं, आणि त्याचा तिथे राहण्याचा परवाना त्या कामालाच बांधलेला आहे. माझी शिकवण्याची परवानगी फक्त इथली. तरी एका दुपारी मी त्याला फोन करून विचारलं, मी येऊ का तिकडे?  तो म्हणाला, "तुला यायचंय का?" जाईसाठी, असं मी म्हणू शकले असते. पण त्यानं तसं विचारलं नव्हतं. मी म्हटलं, नंतर बोलते, मुलं आलीत. मुलं कुठली, सगळी झोपली होती.

शेवटचा पंधरवडा संपवून जाई त्या सकाळी निघाली होती. म्हणून मी घूस उताणी करून, गार चहा पुढे घेऊन बसले होते. सोफ्याखाली गेल्या वेळचा एक मोजा दिसत होता. तोही मी उचलला नाही.

विमानतळावर ती सोबतिणीचा हात सोडून पळत आली. ससा होता, आणि या वेळी पाठीवर एक मोठी पिशवीही होती. तिकडचे कपडे, चपला, दात घासायचा ब्रश. बाबानं सगळं घडी घालून दिलं, ती म्हणाली, फक्त जांभळा स्वेटर राहू दिला, कारण सुट्टीत आल्यावर थंडी वाजेल. तोवर तो तिला होणार नाही, हे मी बोलले नाही. ती भलत्याच आनंदात होती. विमान इतकं खालून आलं की समुद्रातली जहाजं दिसली, एका जहाजावर लाल चौकोन होते, आणि मग शेतं, आणि एका शेतात नक्की गाई होत्या. एक सिनेमा झाला, डुलकी झाली, तरी विमान चाललंच होतं. मग सोबतीणबाईंनी तिला पत्त्यांचा खेळ शिकवला.

"बाबाला कळव ना," ती गाडीत बसता बसता म्हणाली. "त्याला झाडायचं असेल. मी खूप कचरा केलाय."

"काय केलंस?"

"सगळ्या रंगीत पेन्सिलींना टोक काढलं. टेबलाखाली. बाबा म्हणाला, असू दे."

मी कळवलं, "पोचली जाई." उत्तर लगेच आलं. "बरं."

एवढंच. मी थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. दुसरं काही आलं नाही. घरी आल्यावर जाईनं घूस सरळ केली, तिच्या पाठीवर ससा बसवला, आणि दोघं मोजा गिळायला सोफ्याखाली गेले.

तेव्हापासून जाईची तिकडची, जोडीची शाळा बंद झाली, एवढाच वरवरचा बदल. बाकी दिवस जातात. ती पोहायला शिकते आहे. ती पाण्यात असते तेवढा वेळ मी बाकावर बसून हे लिहिते. काचेच्या छतातून आकाश दिसतं. पूर्वी या शहरावर दुपारपर्यंत इतक्या पांढऱ्या रेघा जमायच्या की निळं शोधावं लागायचं. आता आकाश धुतल्यासारखं असतं. माझ्या बालवाडीतली मोठी मुलं विमान काढताना अजून सवयीनं मागे रेघ ओढतात. यंदा आलेली लहान मुलं ओढत नाहीत, त्यांना ती पाहिल्याचं आठवतही नाही. परवा एकाचं चित्र हातात घेऊन मी जरा जास्तच वेळ उभी राहिले. नुसतं विमान आणि नुसतं निळं. ते मला फार आवडलं, आणि मला ते फाडून टाकावंसंही वाटलं.

जाई आता आधी भात खाते. कधी बदललं ते माझ्या लक्षात आलं नाही. एकदा मी तिच्यापुढे ताकाची वाटी आधी ठेवून पाहिली. तिनं ती बाजूला सरकवली आणि म्हणाली, नंतर.

रविवारी सकाळी बाबाचा फोन असतो, चेहरा दिसेल असा. या रविवारी जाईचा पुढचा दात पडला होता, तो दाखवायचा होता. कैवल्यनं दात नीट पाहिला, तो कुठल्या छपरावर टाकणार ते विचारलं, इथलं छप्पर फार उतरतं आहे, घसरून खाली येईल, असं म्हणाला. ती हसली. मग त्याच्याकडे चहा उतू गेला असावा. तो घाईनं उठला आणि फोन टेबलावरून खाली पडला. पडला तो खुर्चीच्या पायाला टेकून तिरका उभा राहिला.

पडद्यावर जमीन दिसू लागली. टेबलाखाली पेन्सिलींच्या साली पडल्या होत्या, कडेला लाल, हिरव्या, निळ्या झालर असलेल्या, गोल गोल. एकही तुडवली गेलेली नव्हती. त्यांच्या कडेकडेनं एक वाट पडली होती आणि त्या वाटेनं कैवल्यची पावलं हळूच, जागा बघून टेकत, परत येत होती. जांभळा स्वेटर खुर्चीच्या पाठीवर होता.

त्यानं फोन उचलला. मी जाईच्या मागे उभी होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. पुढे पोहण्याबद्दल काहीतरी बोलणं झालं. फोन बंद झाला.

जाई जिभेनं दाताची रिकामी जागा चाचपत बसली. कोपऱ्यातून 'टुक' आवाज आला आणि घूस निघाली. ती आमच्या पायांजवळून गेली, जाईनं पाय वर घेतले. घूस पलीकडच्या खोलीत दिसेनाशी होईपर्यंत ती तिच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"आई, मी पोचलेय ना? मग बाबा अजून केर का काढत नाही?"